कौटुंबिक कारणाने गंजकारक

शेवटी विमान वेळेवर उडालं, मालाचं गोदाम होतं तिथेच राहिलं, कुणाचं नखसुद्धा भाजलं नाही, आणि पुतण्याला लेबलांच्या कपाटाची किल्ली परत करावी लागली. झालं, सांगून टाकलं. आता यातलं काहीही घडलेलं नाही असं समजा. किल्ली अजून पुतण्याच्या खिशात आहे, विमान जमिनीवर आहे, आणि सकाळची वेळ असल्यामुळे पुतण्याचा स्वतःवर पूर्ण विश्वास आहे.

हा विश्वास अगदीच हवेतला नव्हता. पुतण्या एका कुरिअर कंपनीच्या धोकादायक माल विभागात होता. विभाग म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा, वाळूची एक बादली आणि तो. बादली आग लागली तर वापरायची होती, आणि पुतण्या ती लागूच नये म्हणून ठेवला होता. खोकं समोर आलं की आत काय आहे ते विचारायचं, जाडजूड नारिंगी पुस्तकात बघायचं आणि ठरवायचं. धोकादायक असेल तर लेबल, कागदपत्रं, वेगळी गाडी. नसेल तर ढिगात. ते पुस्तक त्याला इतकं पाठ झालं होतं, की कुणाच्या घरी गेला तरी तो आधी मोरीतल्या बाटल्यांवर नजर फिरवून मग पाणी प्यायचा. एकदा एका मुलीने त्याला, तुला कोणतं अत्तर आवडतं, असं विचारलं. 'ते किती तापमानाला पेट घेतं त्यावर आहे,' असं तो म्हणाला. मुलगी पुन्हा भेटली नाही. उत्तर मात्र बरोबर होतं.

तर त्या सकाळी काउंटरवर काका आले.

काका सख्खे. शाळेत रसायनशास्त्राच्या पेपरात पुतण्याची लागोपाठ दांडी उडत होती, तेव्हा त्याला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून, जिभेवर लिंबू पिळून, आम्ल म्हणजे काय ते शिकवणारे. साबणाच्या कारखान्यात नोकरी करत असल्यापासून ते एक द्रावण करत होते. नळांवर आणि काचांवर क्षाराचे पांढरे डाग धरतात ना, ते काढणारं. त्यांनी त्याचं नाव 'क्षारहर' ठेवलं होतं. घरात त्याला 'पाणी' म्हणत. "अहो, तुमचं पाणी संपत आलंय," असं काकू म्हणायच्या. शेजारचे निवृत्त बँकवाले रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, "काय, झालं का पाणी तयार?" काका हसायचे. तसं हसताना माणसाच्या दाढा एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतात, पण ते बाहेरून दिसत नाही.

आणि आता एका मोठ्या कंपनीने, जिला काका वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होते, चक्क उत्तर दिलं होतं. नमुना पाठवा. शनिवारी सगळ्यांच्या नमुन्यांची एकत्र चाचणी आहे, त्याआधी पोचला तर बघू. काका खोकं घेऊन आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. खोकं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, दवाखान्यातून नवं बाळ घरी आणतात तसं.

"आत काय आहे?" पुतण्याने विचारलं. समोर सख्खा काका असला तरी विचारावं लागतं.

"क्षारहर."

"म्हणजे त्यात काय काय?"

"ॲसेटिक ॲसिड. बाकीचं गुपित आहे."

"गुपित पेट घेतं का?"

"नाही."

"ॲसिड किती टक्के?"

"आठ."

पुतण्याने पुस्तक उघडलंसुद्धा नाही. दहा टक्क्यांच्या वर असतं तर माल गंजकारक ठरला असता. त्याखाली पुस्तक त्याची दखलही घेत नाही. "मग काही नाही," तो म्हणाला आणि खोकं ढिगाकडे सरकवलं.

"काही नाही म्हणजे?"

"निरुपद्रवी. साधं पार्सल. पुढचे या."

पुढचे आले नाहीत, कारण काका हलले नाहीत.

"आत्ता त्या बाई गेल्या," काका म्हणाले. "त्यांच्या अत्तराला तू आगीचं चित्र लावलंस."

"अत्तर पेटतं, काका."

"एवढीशी बाटली होती."

"एवढीशीसुद्धा पेटते."

"आणि माझ्याला काही नाही."

"चांगलंच आहे की. निवांत जाईल. कुणी ढुंकून बघणार नाही."

आपण दिलासा देतोय असं पुतण्याला वाटत होतं. काकांनी काउंटरवर जरा वाकून आवाज खाली आणला.

"एकदा माझ्या हातावर सांडलं होतं."

"मग?"

"खाज आली."

"किती वेळ?"

"चांगली आली होती."

रांगेत मागे कुणीतरी हसू दाबलं. काकांनी वळून बघितलं नाही. ते खोक्याकडे बघत राहिले, आणि पुतण्याला पहिल्यांदाच जाणवलं की काकांची मान कॉलरच्या आत फार बारीक झाली आहे. आणि काकांची दया आलेल्या पुतण्याला सुचते तशी एक योजना त्याला सुचली. योजना सोपी होती. खोक्याला लेबल लावायचं, काका खूश होऊन घरी गेले की काढून टाकायचं, आणि खोकं ढिगात. कायदा सुखी, काका सुखी.

"थांबा, आठ म्हणालात का तुम्ही?" तो मोठ्याने म्हणाला. "मी वेगळंच ऐकलं." आणि त्याने कपाट उघडलं.

गंजकारक मालाचं लेबल तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. दोन परीक्षानळ्यांतून थेंब पडतायत. एक थेंब धातूच्या पट्टीवर, दुसरा एका हातावर. पट्टीला खड्डा पडलाय, आणि हात विरघळायला लागलाय.

"हा हात कुणाचा?" काकांनी विचारलं.

"कुणाचा असा नाही. जगभर हाच असतो."

"बिचारा," काका म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं, त्यात दयेचा लवलेश नव्हता. त्यांनी पुतण्याला खोक्यासोबत आपला फोटो काढायला लावला. लेबल नीट आलंय ना, हे दोनदा तपासून घेतलं. मग म्हणाले, "गाडी सुटेपर्यंत मी समोरच्या फुटपाथवर उभा आहे. तू तुझं काम कर."

आता त्या लेबलाबद्दल थोडं. ते समुद्रात महिनोन्‌महिने बुडालं तरी वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे. जहाज फुटलं, खोकं तरंगत कुठल्या तरी किनाऱ्याला लागलं, तर तिथल्या माणसाला कळायला नको का? नियम शहाणा आहे. पुतण्याला तो पाठसुद्धा होता. फक्त लेबल चिकटवताना त्याला तो आठवला नाही, काढताना आठवला.

नखांनी कोपरा सुटेना. गरम पाण्याचं फडकं लावलं, तर खोक्याचा पुठ्ठा सुटायला लागला पण लेबल बसलेलंच. शेवटी त्याने पट्टीने खरवडलं, तेव्हा परीक्षानळ्या निघाल्या, धातूची पट्टी निघाली, 'गंजकारक' हा शब्दही निघाला. उरला तो हात. नुसता, एकटा, विरघळणारा हात. कशामुळे विरघळतोय ते आता कळत नव्हतं, त्यामुळे ते आणखीच भयंकर दिसायला लागलं.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. समोरच्या फुटपाथवरून काकांनी हात हलवला. पुतण्यानेही हलवला, आणि दुसऱ्या हाताने खोक्यावरच्या हातावर खाकी चिकटपट्टी मारली. वरून आणखी एक. मग खोकं ढिगात टाकून दिलं. बाटली काढून दुसऱ्या खोक्यात घालता आली असती, ही साधी गोष्ट त्यालाही सुचली. पण ती दुसऱ्या दिवशी सुचली.

दुपारी विमानतळावरच्या मालतपासनिसाचा फोन आला.

"तुमच्या एका खोक्यात आम्हाला हात सापडलाय."

पुतण्याच्या हातातून पेन पडलं. "खोक्यात?"

"खोक्यावर. चिकटपट्टीखाली. लेबलाचा तुकडा आहे. आत काय आहे?"

"पाणी," पुतण्या म्हणाला. घरातली सवय, दुसरं काय.

"पाण्याला गंजकारक लेबल कुणी लावलं?"

"मी."

"आणि झाकलं कुणी?"

"मीच."

"का?"

"कौटुंबिक कारणाने."

तपासनीस म्हणाला, "मी या कामात केस पांढरे केले. ज्वालाग्राही बघितलं, स्फोटक बघितलं. कौटुंबिक कारणाने गंजकारक पहिल्यांदा बघतोय."

त्याच्या बाजूने विचार केला तर त्याचंही बरोबर होतं. लेबल नसलेलं खोकं साधं. लेबल असलेलं खोकं धोकादायक, पण सभ्य, कारण ते सांगून येतं. लेबल फाडून वर पट्टी मारलेलं खोकं म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय. तेव्हा गोदाम रिकामं करण्यात आलं. हमाल बाहेर उन्हात बसून बिड्या ओढायला लागले. गोदामात त्यांना ते करता येत नसे, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. काकांचं खोकं वाळूच्या हौदात ठेवलं गेलं, आणि त्याच्या आसपास कुणी जायचं नाही असं ठरलं.

पुतण्याने सगळं खरं सांगितलं. आठ टक्के, अत्तरवाल्या बाई, खाज, सगळं. तपासनिसाने ऐकून घेतलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "रासायनिक सुरक्षा पथकाची माणसं पाठवणाऱ्याच्या घराकडे निघालीत. त्यांच्यासमोर त्याने एवढंच सही करून द्यायचं, की द्रावण आठ टक्क्यांचं आहे आणि निरुपद्रवी आहे. संध्याकाळच्या विमानात खोकं चढवतो. नाही दिलं, तर नियमाप्रमाणे नष्ट."

म्हणजे अजून काहीच बिघडलं नव्हतं. एक सही हवी होती, आणि सही करणारा माणूस घरीच होता. पुतण्या रिक्षात बसला.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला उतरावं लागलं, कारण तिथे पिवळी दोरी बांधलेली होती. दोरीच्या अलीकडे अख्खी गल्ली उभी होती. पलीकडे काकांचं घर, आणि घराच्या व्हरांड्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली, तोंडावर काच लावलेली दोन माणसं. आणि त्यांच्या मधोमध काका, इस्त्रीच्या शर्टात. शर्ट सकाळचा नव्हता. पथकाला दारात थांबवून ते दुसरा घालून आले होते, असं नंतर कळलं.

"आमच्या शेजारी असून आम्हाला पत्ता नाही हो," दोरीजवळचे निवृत्त बँकवाले काकांना म्हणत होते. मोठ्याने बोलावं लागत होतं, कारण मध्ये बरंच अंतर ठेवलेलं होतं.

"सांगण्यासारखं नव्हतं," काका म्हणाले.

"तरी मला संशय होताच. रात्रंदिवस खटपट चालायची तुमची."

"चालायचंच."

पुतण्याने कुरिअरचं ओळखपत्र दाखवून दोरी ओलांडली. एका पोशाखाने विचारलं, "घरात आणखी साठा आहे?"

"स्वयंपाकघरात," काका म्हणाले. "सिंकच्या खाली. सगळा."

दुसरा पोशाख आत गेला. आतून काकूंचा आवाज आला. "अहो, त्याला चिमटे कशाला लावताय? मी रोज त्यानेच नळ घासते. हे बघा माझे हात." आणि त्या पदर खोचून हात दाखवायला बाहेर आल्या.

"तू आत जा," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या संसारात कुणी कुणाला आत पाठवायचं हे फार पूर्वी ठरलेलं होतं, आणि ते असं ठरलेलं नव्हतं. पण त्यांना काकांच्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. हात मागे घेऊन त्या मुकाट्याने आत गेल्या.

पहिल्या पोशाखाने पॅडला लावलेला कागद पुढे केला. "आजोबा, एवढंच सांगा आणि सही करा. हे धोकादायक आहे की नाही?"

गल्ली दोरीवर रेलली. शेजारणीच्या कडेवरचं मूलसुद्धा तोंडातलं बोट काढून बघायला लागलं. काकांनी पेन हातात घेतलं. पुतण्याला त्यांच्याजवळ जाऊन कानात सांगता आलं असतं, काका, सही करा, नाहीतर खोकं जाईल. तेवढंच सांगायला तर तो आला होता. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

काकांनी गल्लीवरून नजर फिरवली. सगळी ओळखीची माणसं होती. त्यातल्या एकानेही त्यांच्याकडे आजवर असं बघितलं नव्हतं.

"नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले, आणि पेन परत दिलं.

गर्दीतून एक हलकी कुजबुज गेली. बँकवाले दोन पावलं मागे सरले. काका व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. टेकले ते असे, की त्या क्षणी त्यांना कुणी काही विचारलं असतं तरी ते शांतपणे समजावून सांगू शकले असते. आणि पुतण्याने तोंड मिटलं. त्याने ते का मिटलं हे त्याला कुरिअरच्या शाखाप्रमुख मॅडमनी विचारलं, तपासनिसाने विचारलं, आणि पुढे त्याने स्वतःलाही पुष्कळदा विचारलं. त्याच्याकडे उत्तर एकच होतं, की काका फार छान दिसत होते.

संध्याकाळी विमान खोक्याशिवाय गेलं. खोकं नष्ट केलं. घरातल्या बाटल्या पथकाने नेल्या. नवीन द्रावण मुरायला महिना लागतो, आणि चाचणी शनिवारी होती.

मॅडम रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. त्या दिवशी तर नुसते ओठच हलत होते. पुतण्याने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, आणि ऐकू न आलेल्या सगळ्या गोष्टींना "हो मॅडम" म्हणाला. त्याला वजनकाट्यावर बसवण्यात आलं. तिथे काय आहे ते विचारायचं नसतं, किती आहे ते बघायचं.

पुढच्या आठवड्यात पथकाचा अहवाल आला. एक प्रत कुरिअर कंपनीला, एक पाठवणाऱ्याला. त्यात लिहिलं होतं, की जप्त केलेले सर्व नमुने तपासले असता ते निरुपद्रवी आढळले. त्याखाली आणखी एक ओळ होती, जी लिहायची काहीही गरज नव्हती. चौकशीअंती पाठवणारी व्यक्तीही निरुपद्रवी आढळली.

पुतण्या गेला तेव्हा काका स्वयंपाकघरात सिंकजवळ उभे होते. नळावर पांढरे डाग धरायला लागले होते, आणि ते बोटाने खरवडून बघत होते. अहवाल ओट्यावर पडला होता. काकूंनी त्यावर चहाचं भांडं ठेवलं होतं. आकसाने नाही. हाताशी होता म्हणून.

"माझं चुकलं, काका," पुतण्या म्हणाला. "मी लेबल लावायलाच नको होतं."

"ते लेबल निघत नव्हतं म्हणे."

"नाही निघालं."

"क्षारहराने निघालं असतं," काका म्हणाले. "गोंदावर चांगलं चालतं ते. खोकं उघडून दोन थेंब घ्यायचे होतेस."

काकू त्याच्यासमोर चहा ठेवून बाहेर गेल्या.

"सुरुवातीला ते बारा टक्के होतं," काका नळाशीच बोलल्यासारखे म्हणाले. "डाग एका फटक्यात जायचे. पण नळाचा मुलामा जायचा, आणि तुझ्या काकूच्या बोटांची सालं निघायची. ती कधी बोलली नाही. पीठ मळताना हात आखडता घ्यायची, त्यावरून मला कळलं. मग अकरा केलं, दहा केलं. दर वेळी टक्का कमी केला की डाग राहायचा. तो तेवढाच जावा आणि हाताला काही होऊ नये, यातच सगळी वर्षं गेली बघ. आठला जमलं. निरुपद्रवी करायचं हेच तर काम होतं, अरे. दुसरं काय केलं मी?"

"मग त्या दिवशी काउंटरवर तुम्ही..."

"तू ते ज्या सुरात म्हणालास ना," काका म्हणाले. "मग काही नाही, म्हणालास. आणि खोकं ढकललंस." मग नळावरचं बोट काढून ते म्हणाले, "मीही कमी नाही. नक्की सांगता येत नाही, म्हणालो. माझ्याइतकं नक्की आणखी कुणाला सांगता आलं असतं?"

कुंपणापलीकडे बँकवाले झाडांना पाणी घालत होते. त्यांनी खिडकीतून काकांना बघितलं, मान हलवली आणि पुन्हा झाडांकडे वळले. पाणी तयार झालं का, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

"परत करू या ना," पुतण्या म्हणाला. "महिनाभरात मुरेल. मी स्वतः घेऊन जातो त्या कंपनीत."

"त्यांनी दुसऱ्याचं घेतलं," काका म्हणाले. "बारा टक्क्यांचं आहे. डाग एका फटक्यात जातात."

पुतण्याने चहा संपवला. कप विसळायला सिंकपाशी गेला, तेव्हा काका जागा देऊन बाजूला झाले. त्या रविवारी घरी बसून त्याने एक अर्ज लिहिला, तीनदा खोडला आणि रीतसर टपालाने पाठवला. तो असा:

प्रति, प्रमुख, रासायनिक सुरक्षा पथक. विषय: अहवालातील दुरुस्तीबाबत. महोदय, आपल्या अहवालात सदर द्रावण 'निरुपद्रवी आढळले' असे नमूद आहे. प्रत्यक्षात ते आढळलेले नसून, पाठवणाऱ्या व्यक्तीने अनेक वर्षांच्या खटपटीने तसे केलेले आहे. तरी 'आढळले' या शब्दाऐवजी 'करण्यात यश आले' अशी दुरुस्ती करण्यात यावी. तसेच दुरुस्त अहवालाचे जाहीर वाचन गल्लीच्या तोंडाशी पूर्ववत दोरी बांधून, संपूर्ण पोशाखातील किमान दोन कर्मचाऱ्यांमार्फत, सर्व शेजाऱ्यांच्या उपस्थितीत करण्यात यावे. वाचनाच्या वेळी 'निरुपद्रवी' हा शब्द आदराने, सावकाश आणि शक्य असल्यास दोन वेळा उच्चारण्यात यावा, ही नम्र विनंती.